पैसा पुण्याचा, प्रश्न ब्लॅकबर्नचे

नोव्हेंबर 2010मध्ये पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे आपण ज्याला वेंकीज म्हणतो त्या कुक्कुटपालन उद्योगाने, इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब 2 कोटी 30 लाख पौंडांना विकत घेतला. प्रीमियर लीगमधला क्लब भारतीय कंपनीच्या हाती येण्याची ती पहिलीच वेळ. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधले जुने गिरणगाव. एकेकाळी तिथल्या मागांवर खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरे विणली जात. गिरण्या गेल्या, पण 1875 साली स्थापन झालेला क्लब राहिला. 1888मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी हा एक. पोलादाच्या धंद्यात श्रीमंत झालेले गावचेच जॅक वॉकर यांनी पैसा ओतला आणि 1995मध्ये या लहानशा गावाने मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून प्रीमियर लीग जिंकली. अशा क्लबची मालकी पुण्याकडे आली, ही अभिमान वाटावा अशीच बातमी होती. पुढच्या पंधरा वर्षांत मात्र ब्लॅकबर्नचे समर्थक मालकांना पुन्हा पुन्हा एकच गोष्ट विचारत आले आहेत: आमच्या क्लबचे तुम्ही काय करणार आहात? हा प्रश्न विचारण्याचा त्यांना अधिकार आहे का, याचा विचार पुण्या-मुंबईतल्या वाचकानेही करायला हवा.

घटनाक्रम थोडक्यात असा. खरेदीनंतर महिना उलटायच्या आत अनुभवी प्रशिक्षक सॅम अॅलर्डाइस यांना काढले गेले आणि त्यांच्या जागी स्टीव्ह कीन आले. मे 2012मध्ये, सलग अकरा हंगामांनंतर, संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. पुढच्या एका हंगामात कीन यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्यानंतरचे दोन प्रशिक्षक काही आठवड्यांतच घालवले गेले. त्यांपैकी हेनिंग बर्ग यांची कारकीर्द 57 दिवसांची ठरली. कराराची भरपाई मागायला ते न्यायालयात गेले आणि क्लबला साडेबावीस लाख पौंड मोजावे लागले. 2017मध्ये संघ तिसऱ्या स्तरावर गेला. प्रीमियर लीग जिंकल्यानंतर कोणत्याही क्लबवर ही वेळ त्याआधी कधीच आली नव्हती. 2018मध्ये तो पुन्हा दुसऱ्या स्तरावर, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, परतला. या सगळ्या काळात मालक पुण्यात, क्लब लँकेशायरमध्ये, आणि मालकांचे जाहीर बोलणे अगदी क्वचित. समर्थकांची नाराजी केवळ पराभवांची नव्हती. निर्णय कोण घेतो, कशासाठी घेतो आणि उद्या काय घडणार आहे, हे सांगणारे माणूसच त्यांना समोर दिसत नव्हते.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती मांडल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. वेंकीजने क्लब लुटला नाही. उलट या वर्षांत त्यांनी क्लबमध्ये 20 कोटी पौंडांहून अधिक रक्कम घातली आणि त्यातल्या बऱ्याच कर्जाचे भागभांडवलात रूपांतर केले. तो पैसा परत मिळण्याची आशा फारशी नाही. मग इतके देणाऱ्याला आणखी जाब कसला विचारायचा, असे कोणालाही वाटेल. माझे म्हणणे नेमके इथेच सुरू होते. लुबाडणाऱ्या मालकाला प्रश्न विचारावेत, हे सांगण्यासाठी लेख लिहायची गरज नाही. पण उदारपणे पैसा घालणाऱ्या मालकालाही प्रश्न विचारलेच पाहिजेत, कारण ज्या क्लबचा संसार एकाच माणसाच्या खिशावर चालतो, त्या क्लबला सर्वांत मोठा धोका त्या खिशाचाच असतो. दातृत्व हा उत्तरदायित्वाला पर्याय नव्हे.

इंग्लंडच्या दुसऱ्या स्तरावरचे अर्थकारण समजून घेतले की हा धोका किती खरा आहे ते कळते. क्लबचे उत्पन्न मुख्यतः तीन वाटांनी येते: प्रक्षेपणाचे हक्क, सामन्यांची तिकिटे आणि जाहिरात-प्रायोजकत्व. प्रीमियर लीगमध्ये बढती मिळाली की एका झटक्यात 10 कोटी पौंडांहून अधिक उत्पन्नाची दारे उघडतात. त्या आशेने चॅम्पियनशिपमधले क्लब ऐपतीबाहेर खेळाडू घेतात. अनेक हंगामांत या लीगमधल्या क्लबांचा एकत्रित पगारखर्चच त्यांच्या एकूण उत्पन्नापेक्षा जास्त होता. म्हणजे दिवे, गवत, प्रवास आणि देखभाल यांचा हिशेब मांडायच्या आधीच तूट. ती मालक भरतो. अशा क्लबांच्या वार्षिक ताळेबंदात तर स्पष्ट लिहिलेले असते की मालक पैसे देत राहतील या भरवशावरच कारभार पुढे चालू राहील असे धरले आहे. इंग्लंडमध्ये कंपन्यांचे हे हिशेब सरकारी नोंदणी कार्यालयात कोणालाही पाहता येतात, आणि समर्थकांच्या संघटनांमधले हिशेबनीस, वकील, शिक्षक ते ओळीओळीने वाचतात. त्यामुळे ‘यंदा कोणता खेळाडू घेणार’ या प्रश्नाच्या जागी ‘पुढच्या वर्षीची तूट कोण भरणार, आणि त्याने भरली नाही तर काय’ हा प्रश्न आला.

तो किती रास्त होता, हे 2023मध्ये दिसले. भारतातल्या एका चौकशीमुळे मालकांना इंग्लंडमध्ये पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि बँक हमी यांची वाट पाहावी लागू लागली. चौकशीचे तथ्य काय, हा या लेखाचा विषय नाही. इथे महत्त्वाचे ते तिचे परिणाम. हजारो किलोमीटर दूरच्या न्यायालयातल्या तारखेवर लँकेशायरमधल्या एका क्लबची तिजोरी अवलंबून राहिली. फेब्रुवारी 2024मध्ये अॅडम व्हार्टन या खेळाडूला सुमारे 1 कोटी 80 लाख पौंडांना क्रिस्टल पॅलेसला विकण्यात आले. तो ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला आणि लहानपणापासून याच क्लबच्या तालमीत तयार झालेला. काही महिन्यांतच तो युरो स्पर्धेसाठी इंग्लंडच्या संघात निवडला गेला. 2025मध्ये क्लबच्या महिला संघाला दुसऱ्या स्तरावरच्या लीगमधून माघार घ्यावी लागली, कारण त्या स्तरासाठी लागणारा खर्च करायची तयारी नव्हती. खेळाडू विकणे हा गुन्हा नाही, खर्च आवरणे तर शहाणपणाचेही असू शकते. पण हे शहाणपण आहे की अडचण, हे तिकीट काढून येणाऱ्याला कळायला नको का?

यावर पहिला आक्षेप सरळ व्यवहाराचा आहे: ज्याचा पैसा त्याचा शब्द. दुकानाच्या मालकाला गिऱ्हाईक जाब विचारत नाही, माल पटला नाही तर दुसऱ्या दुकानात जाते. पण फुटबॉलचा समर्थक दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही. ब्लॅकबर्नमध्ये वाढलेला माणूस संघ हरतो म्हणून शेजारच्या बर्नलीचा समर्थक होत नाही. ही निष्ठा पिढ्यान्‌पिढ्यांची असते आणि क्लबची खरी किंमत तिच्यातच असते. मालकाने विकत घेतलेल्या मालमत्तेत जमीन आणि करार थोडे असतात. बाकीचे सगळे म्हणजे त्या गावाने दीडशे वर्षे दर आठवड्याला येऊन उभे केलेले नाव. ज्यांनी ते नाव उभे केले, त्यांचा त्यात एकही समभाग नसेल, पण भाग निश्चित आहे. आपल्याकडे देवस्थानाचे विश्वस्त कितीही श्रीमंत असले आणि त्यांनी पदरचे कितीही घातले, तरी हिशेब भाविकांसमोर मांडावाच लागतो, हे आपण गृहीत धरतो. क्लबचा मालक कायद्याने मालक असला तरी नात्याने विश्वस्तच आहे.

दुसरा आक्षेप असा की समर्थकांना व्यवहार कळत नाही. संघ जिंकत असला की गप्प, हरला की आरडाओरडा, आणि मागणी एकच, आणखी खर्च करा. यात तथ्य आहे. बेफाम खर्चाला टाळ्या वाजवणारे समर्थकही असतातच. पण शेजारच्याच दोन क्लबांचा अनुभव पाहा. ब्लॅकपूल 2010मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोहोचला, एका हंगामात खाली आला, आणि मिळालेला पैसा कुठे गेला असे समर्थक विचारू लागले. तेव्हाच्या मालकांनी काही समर्थकांवर अब्रुनुकसानीचे दावे लावले. हजारो लोकांनी वर्षानुवर्षे घरच्या सामन्यांवर बहिष्कार घातला. नोव्हेंबर 2017मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने, सहभागधारकाने लावलेल्या खटल्यात, मालक ओइस्टन कुटुंबाने क्लबमधून अयोग्य रीतीने पैसा काढून घेतला असा निकाल दिला आणि त्या सहभागधारकाला 3 कोटी पौंडांहून अधिक रक्कम द्यायला सांगितले. समर्थकांना व्यवहार कळला होता. बरी या गावाची कथा उलट टोकाची. डिसेंबर 2018मध्ये तो क्लब अवघ्या एका पौंडाला विकला गेला. नव्या मालकाकडे क्लब चालवण्याइतका पैसा आहे याची खातरजमा विक्रीपूर्वी झाली नाही. 27 ऑगस्ट 2019 रोजी, 1885 साली स्थापन झालेला आणि दोनदा एफए कप जिंकलेला हा क्लब लीगमधून काढून टाकला गेला. तिथे समर्थकांचे प्रश्न उशिरा पोहोचले असे नाही. ते ऐकून घेण्याची सक्ती कोणावरही नव्हती.

तिसरा आक्षेप आपल्या मनाला अधिक भिडणारा आहे. मालक भारतीय आहेत म्हणून तर हा रोष नाही ना? ब्लॅकबर्नमधल्या काही निदर्शनांनी मर्यादा सोडली हे खरे. 2012मध्ये संघाची घसरण निश्चित करणाऱ्या सामन्यात मालकांच्या धंद्याची खिल्ली उडवायला मैदानात जिवंत कोंबडी सोडली गेली. प्रशिक्षक कीन यांच्या वाट्यालाही पराकोटीचा रोष आला. असल्या वागण्याचे समर्थन होऊ शकत नाही, आणि त्याने प्रश्नांचे वजन कमीच होते. पण ब्लॅकपूल आणि बरीचे मालक इंग्रजच होते आणि तिथल्या समर्थकांनी तेच प्रश्न तितक्याच कडवटपणे विचारले. आपल्याच देशात, 2020मध्ये मोहन बागानचा फुटबॉल संघ एटीके या क्लबमध्ये विलीन झाल्यावर कोलकात्याच्या समर्थकांनी ‘एटीके’ ही अक्षरे नावातून काढा म्हणून तीन वर्षे धोशा लावला, आणि 2023मध्ये लीग जिंकल्यावर मालकांनी ती काढली. मालक कोणत्या मातीतला, हा मुद्दाच नाही. आपल्या गावच्या क्लबला धरून बसलेला माणूस ब्लॅकबर्नमध्ये असो की कोलकात्यात, तो सारखाच बोलतो.

मग उपाय काय? जर्मनीत नियम आहे की क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते सदस्यांच्या हाती राहिली पाहिजेत. त्याला काही अपवाद आहेत, आणि त्या नियमानंतरही बायर्न म्युनिकने सलग अकरा विजेतेपदे मिळवली, म्हणजे स्पर्धा आपोआप समतोल होत नाही. पण तिथल्या समर्थकांचे म्हणणे बैठकीत मोजले जाते. 2024च्या सुरुवातीला लीगच्या उत्पन्नातला वाटा गुंतवणूकदाराला विकण्याच्या योजनेविरुद्ध त्यांनी मैदानांत टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले आणि योजना मागे घ्यायला लावली. इंग्लंडने वेगळी वाट धरली. बरीचे बुडणे आणि 2021मधला बड्या क्लबांचा बंदिस्त सुपर लीगचा डाव यांनंतर समर्थकांना केंद्रस्थानी ठेवून सरकारने पाहणी करवली, आणि जुलै 2025मध्ये फुटबॉल प्रशासन कायदा संमत झाला. आता वरच्या पाच स्तरांतल्या क्लबांना स्वतंत्र नियामकाचा परवाना लागेल, मालकाची ऐपत आणि पैशाचा उगम तपासला जाईल, मैदान विकायला नियामकाची मंजुरी लागेल आणि महत्त्वाच्या बाबतींत समर्थकांशी सल्लामसलत करावी लागेल. अशाने गुंतवणूकदार पळतील, असे म्हटले जाते. पण ज्याला हिशेब दाखवायची भीती वाटते तो गुंतवणूकदार पळाला तर बरेच आहे. बाकीच्यांना परवान्यामुळे खात्रीच्या बाजारात उतरता येईल.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने 2006मध्ये देशाचे विजेतेपद जिंकले आणि 2010मध्ये कंपनीने संघच बंद केला. 2007मध्ये सुरू झालेला पुणे एफसी 2013मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरला आणि दोन वर्षांत इतिहासजमा झाला. त्याच सुमारास आलेला एफसी पुणे सिटी 2019मध्ये मालकांच्या आर्थिक अडचणींत संपला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. तिन्ही वेळा मालकाने निर्णय घेतला आणि समर्थकांनी तो बातमीतून वाचला. ब्लॅकबर्नच्या समर्थकांनी निदान पंधरा वर्षे गप्प बसायला नकार दिला आणि त्यांचा क्लब आजही मैदानात उतरतो. उद्या आपल्या शहरात नवा संघ येईल, नवी जर्सी विकली जाईल. ती घेण्याआधी मालकाला विचारावे: मैदान कोणाच्या नावावर आहे, तूट कोण भरतो आणि तुम्ही गेलात तर संघाचे काय? पहिल्याच हंगामात, संघ जिंकत असताना हे विचारायला हवे. संघ बुडाल्यावर त्याचे उत्तर कोणाच्याच उपयोगाचे नसते.