आठ पेशींची एकजूट

तळ्यातल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरा. हिरवे ठिपके शांत तरंगत असतात आणि मधूनच आपला बारीक तंतू फटकारत एखादा जीव येतो, एक ठिपका गट्ट करतो. वाघ-सांबराचा खेळ, फक्त पाण्याच्या थेंबात!

या शिकारीवरचा माझा सर्वांत लाडका प्रयोग मार्टिन बोरास आणि सहकाऱ्यांचा, १९९८ साली प्रसिद्ध झालेला. क्लोरेला हे एकपेशीय हिरवं शेवाळ त्यांच्याकडे वर्षानुवर्षं सुट्या पेशींच्या रूपातच वाढत होतं. त्यात त्यांनी ऑक्रोमोनास हा शिकारी सोडला. शंभर पिढ्याही झाल्या नाहीत, तोच पेशी एकमेकींना धरून राहू लागल्या. आधी मोठमोठे गठ्ठे, मग हळूहळू आठ पेशींचे पुंजके वरचढ ठरले.

आठच का? एवढा पुंजका शिकाऱ्याला गिळता येत नाही, आणि तरी प्रत्येक पेशीला पाण्यातलं पोषण थेट मिळतं. गठ्ठा फार वाढला की आतल्या पेशींची उपासमार होते. शिकार आणि भूक, दोन्हींनी मिळून हा आकडा ठरवला.

२००३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या ताकेहितो योशिदा आणि सहकाऱ्यांनी रोटिफर हा शेवाळ खाणारा सूक्ष्म प्राणी आणि क्लोरेला यांवर काम केलं. शेवाळ बदलत गेलं तसं दोघांच्या संख्येच्या चढउतारांचं चक्रच लांबलं, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे उत्क्रांतीला लाखो वर्षंच लागतात असं नाही. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल, तर मुलांना तळ्याचं पाणी नक्की दाखवा.