सीएनजी की वीज? स्वयंपूर्णतेचा खरा हिशोब

रात्री अकरा वाजता सीएनजी पंपावर रिक्षांची रांग बघा. प्रेशर कमी असलं की सिलिंडर पुरता भरत नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. रिक्षावाला हे सोसतो, कारण पेट्रोलपेक्षा गॅस परवडतो. ‘पेट्रोल बाहेरचं, गॅस आपला’ असंही अनेकांना वाटतं. तिथूनच सुरुवात करू.

गैरसमज १ : सीएनजी हे स्वदेशी इंधन आहे.

वस्तुस्थिती : कच्च्या तेलाइतकं आपलं परावलंबन वायूत नाही, हे खरं. तरीही देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा बाहेरून येतो. उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप केलेला हा वायू जहाजांतून दहेजला, आपल्या दाभोळला उतरतो आणि पुन्हा वायुरूप होऊन पाइपलाइनमध्ये जातो. कतारकडून वर्षाला ७५ लाख टन घेण्याचा करार २०४८पर्यंत वाढवलेला आहे. २०२२मध्ये युक्रेन युद्धामुळे जगात वायू महागला, तेव्हा आपल्या पंपांवरचे दरही चढले.

गैरसमज २ : वीज कोळशाचीच, मग इलेक्ट्रिक गाडीने (ईव्हीने) काय साधलं?

वस्तुस्थिती : देशातली सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशापासून होते आणि त्याच्या धुराबद्दल औष्णिक वीजकेंद्राशेजारी राहणाऱ्या चंद्रपूरकरांना विचारावं. ती चिंता खरीच आहे. पण परावलंबनाचा हिशोब वेगळा. वीजकेंद्रांतला बहुतांश कोळसा आपल्याच खाणींतला असतो. शिवाय इंजिनात इंधनाची बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, तर इलेक्ट्रिक मोटर मिळालेल्या विजेतली बहुतेक ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचवते. म्हणून सीएनजीचा तोच वायू आधुनिक वीजकेंद्रात जाळून ती वीज गाडीला दिली, तरी गाडी जास्त अंतर कापते. उद्या सौर आणि पवन वीज वाढली, तर आज घेतलेली गाडीच आपोआप अधिक स्वदेशी होते.

गैरसमज ३ : ईव्ही म्हणजे आखातातून सुटून चीनच्या हाती जाणं.

वस्तुस्थिती : यात तथ्य आहे. बॅटरीचे सेल आणि मोटरमधली चुंबकं यांत चीनची पकड घट्ट आहे. जम्मूतल्या रियासीत लिथियमचे साठे असल्याचं २०२३मध्ये जाहीर झालं, पण तिथलं खाणकाम अजून दूर आहे. मात्र एप्रिल २०२५मध्ये चीनने चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा अडचण आली ती नव्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांची. रस्त्यावरच्या गाड्या धावतच राहिल्या. इंधन रोज जळून संपतं. बॅटरी वर्षानुवर्षं चालते आणि निकामी झाल्यावरही तिच्यातले धातू परत मिळवता येतात.

गैरसमज ४ : मग नैसर्गिक वायूला भवितव्य नाही.

वस्तुस्थिती : आपल्याकडे वायूचा मोठा वाटा युरिया बनवायला लागतो, म्हणजे प्रश्न थेट शेतकऱ्याच्या बांधावर येतो. तिथे विजेचा पर्याय आज सोपा नाही. शिवाय शेण, उसाची मळी, ओला कचरा यांपासून बायोगॅस करणारी ‘सतत’ योजना २०१८पासून आहे. तो वायू मात्र खरोखर आपला.

म्हणून क्रम ठरवायला हवा. रिक्षा, स्कूटर, शहर बस रोज ठरावीक अंतर धावतात आणि रात्री उभ्या असतात. त्या आधी विजेवर याव्यात. वाचलेला वायू खताला मिळेल. आणि रिक्षावाल्याला रात्रीच्या त्या अकराच्या रांगेऐवजी घरी झोप मिळेल, तो झोपलेला असताना गाडी चार्ज होत राहील.