शाळेच्या संगणकाची कार्यप्रणाली : बदलावी की नाही?

संगणकाच्या सर्व अंगांकडून काम करवून घेणारी जी मूळ व्यवस्था, तिला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. ती बदलण्याचा प्रश्न पुढे आला की काही मुख्याध्यापक नवे ते चांगले म्हणून घाई करतात, तर काही ‘चालते आहे, चालू द्यावे’ असे म्हणून स्वस्थ बसतात. निर्णयाची ही दोन्ही टोके टाळावयास हवीत.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. त्या दिवशी कोणताही संगणक बंद पडला नाही. धोका चटकन ध्यानात येत नाही तो यामुळेच. प्रणालीत नवे दोष आढळतच राहतात. परंतु ते बुजविणाऱ्या दुरुस्त्या, मर्यादित मुदतीसाठी वेगळी नोंदणी केल्यावाचून, मिळत नाहीत. विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा व आधार क्रमांक ज्या संगणकात आहेत, तो असा इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे कडी मोडलेल्या कपाटात दप्तर ठेवण्यासारखे होय.

तथापि बदलापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, यंत्राची क्षमता. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. ‘पीसी हेल्थ चेक’ या विनामूल्य साधनाने ही तपासणी करता येते.

दुसरी, नेहमीची कामे. जुना प्रिंटर नव्या प्रणालीवर चालेल काय? जुन्या मराठी फॉन्टांत टंकलिखित केलेले कागद, तो फॉन्ट नसल्यास, निरर्थक अक्षरांचे दिसतात. म्हणून ते फॉन्ट जपून ठेवावेत व नवे लेखन युनिकोडमध्येच करावे.

तिसरी, वेळ. निकालपत्रके किंवा यू-डायसची माहिती भरण्याच्या दिवसांत बदल करू नये. मध्येच वीज जाणार नाही अशी व्यवस्था करावी. विंडोज ११ घेतल्यावर पूर्वीच्या प्रणालीकडे परतण्यासाठी साधारणतः १० दिवसच मिळतात. तेवढ्या अवधीत सर्व कामे करून पाहावीत.

यंत्र अपात्र ठरल्यास बळजबरीने नवी प्रणाली बसवू नये. उबुंटू किंवा सी-डॅकची बॉस यांसारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली वापरता येते. नाहीतर तो संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ लेखनास ठेवावा. मात्र पेनड्राइव्हमधूनही विषाणू येतात, हे विसरू नये.

निर्णय कोणताही होवो, प्रथम सर्व फाइलींच्या दोन प्रती कराव्यात. त्यांतील एक संगणकापासून दूर ठेवावी व उघडून खात्री करून घ्यावी. प्रणाली पुन्हा बसविता येते, यंत्र पुन्हा घेता येते. परंतु जनरल रजिस्टरवरून महिनोन्‌महिने बसून उतरविलेली माहिती एकदा गेली, की ते सर्व श्रम पुन्हा पहिल्या पानापासून करावे लागतात.