भाषेचे नाव आणि राष्ट्रीय अस्मिता : पूर्वीच्या युगोस्लाव्हियाच्या संदर्भात

बीजशब्द : भाषानाम, प्रमाणभाषा, राष्ट्रीय अस्मिता, सर्बो-क्रोएशियन, बोस्नियन

प्रस्तावना

भाषा आणि राष्ट्र यांच्या परस्परसंबंधाचा विचार करताना व्याकरण, लिपी, साहित्य आणि राजभाषेचा दर्जा यांची चर्चा विपुल प्रमाणात होते. भाषेच्या नावाकडे मात्र तुलनेने दुर्लक्ष होते. नाव ही भाषेच्या ओळखीपुरती केलेली सोय आहे, असे गृहीत धरले जाते. दैनंदिन बोलण्यात जवळजवळ एकच असलेली भाषा दोन नावांनी दोन समाजांची कशी होते, हे हिंदी-उर्दूच्या उदाहरणावरून भारतीय अभ्यासकाला परिचित आहे. परंतु तेथे लिपी आणि उच्च शब्दसंग्रह यांतील भेद इतका मोठा आहे की, केवळ नावाचा परिणाम वेगळा काढून दाखविणे कठीण जाते. त्या दृष्टीने पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील सर्बो-क्रोएशियन भाषेचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. प्रस्तुत लेखात या भाषेच्या नामांतराचा आढावा घेऊन, नावाच्या वादात नेमके काय पणाला लागते हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

एक भाषा, जोडनाव

१८५० मध्ये व्हिएन्ना येथे काही सर्ब आणि क्रोएट विद्वान एकत्र आले. व्हूक काराजिच हे त्यांपैकी प्रमुख होत. 'श्टोकावियन' नावाच्या बोलीसमूहाच्या आधारे एक सामाईक साहित्यभाषा असावी, यावर त्यांचे एकमत झाले. या करारात बोली व लेखन यांविषयी निर्णय झाले. भाषेला नाव मात्र देण्यात आले नाही.

पुढे समाजवादी युगोस्लाव्हियात १९५४ च्या नोव्ही साद कराराने सर्ब, क्रोएट आणि मॉन्टेनेग्रिन यांची भाषा एकच असल्याचे घोषित केले. अधिकृत व्यवहारात नावाचे दोन्ही घटक वापरावेत आणि रोमन व सिरिलिक या दोन्ही लिपी समान मानाव्यात, असे ठरले. ही तडजोड फार काळ टिकली नाही. १९६७ मध्ये क्रोएशियातील संस्था व लेखकांनी क्रोएशियन साहित्यभाषेचे नाव आणि स्थान यांविषयी जाहीरनामा प्रसिद्ध केला. जोडनावाच्या आडून व्यवहारात सर्बियन रूपच राज्यभाषा म्हणून लादले जाते, अशी त्यांची तक्रार होती. या जाहीरनाम्याच्या शीर्षकातच भाषेच्या 'स्थाना'बरोबर 'नावा'चाही उल्लेख आहे, ही बाब लक्षणीय आहे.

राष्ट्रांबरोबर नावांचे विभाजन

१९९० नंतर युगोस्लाव्हियाचे विघटन झाले आणि नव्या राज्यांनी आपापल्या राज्यघटनांत भाषेची स्वतंत्र नावे नोंदविली. बोस्नियातील युद्ध संपविणारा १९९५ चा डेटन करार बोस्नियन, क्रोएशियन, इंग्रजी आणि सर्बियन अशा चार भाषांत करण्यात आला. यांपैकी इंग्रजी वगळता उर्वरित तीन भाषांच्या वाचकांना परस्परांचा मजकूर समजण्यासाठी अनुवादाची आवश्यकता नव्हती. याउलट हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने याच तीन नावांच्या आद्याक्षरांवरून 'बी/सी/एस' ही संज्ञा स्वीकारली आणि सर्व पक्षांच्या साक्षीदारांसाठी दुभाष्यांचे काम एकाच भाषेत चालविले. कराराला मान्यतेसाठी तीन नावे हवी होती. न्यायालयाला समजण्यासाठी एक भाषा पुरेशी होती.

मॉन्टेनेग्रोने २००७ च्या राज्यघटनेत 'मॉन्टेनेग्रिन' ही राजभाषा ठरविली आणि २००९ मध्ये वर्णमालेत दोन नव्या अक्षरांची भर घातली. अर्थात, राज्याने नाव दिले म्हणून लोक ते स्वीकारतातच असे नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ टक्के लोकांनी स्वतःची राष्ट्रीयता मॉन्टेनेग्रिन, तर सुमारे २९ टक्के लोकांनी सर्ब अशी सांगितली. मातृभाषेच्या रकान्यात मात्र सुमारे ४३ टक्के लोकांनी सर्बियन आणि ३७ टक्के लोकांनी मॉन्टेनेग्रिन असे नोंदविले. राष्ट्रीयता आणि भाषेचे नाव यांचा संबंध घट्ट असला तरी तो यांत्रिक नाही, हे यावरून दिसून येते.

देशाचे नाव की समाजाचे?

नावाच्या प्रश्नाचे सर्वांत तीव्र स्वरूप बोस्निया-हर्झगोविनामध्ये आढळते. बोस्नियाक समाज आपल्या भाषेला देशाच्या नावावरून 'बोस्नियन' म्हणतो. त्यामुळे भाषेचा संबंध संपूर्ण भूमीशी जोडला जातो. यावर सर्ब राजकीय नेतृत्वाचा आक्षेप असा की, ही भाषा केवळ एका समाजाची असल्याने तिचे नाव 'बोस्नियाक' असले पाहिजे. देशातील सर्बबहुल घटकाच्या, म्हणजे रेपुब्लिका स्रप्स्काच्या, घटनेत कोणत्याही भाषेचे नाव नाही. तेथे 'सर्ब जनतेची भाषा', 'बोस्नियाक जनतेची भाषा' आणि 'क्रोएट जनतेची भाषा' असे शब्द आहेत.

या शब्दयोजनेचा परिणाम शाळेपर्यंत पोहोचला. २०१३ मध्ये कोन्येविच पोल्ये या गावातील बोस्नियाक पालकांनी भाषा, इतिहास इत्यादी विषय आपल्या समाजाच्या अभ्यासक्रमानुसार शिकविले जावेत, या मागणीसाठी मुलांना शाळेत पाठविणे थांबविले. युद्धात विस्थापित होऊन परतलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने मुलाच्या गुणपत्रिकेवरील भाषेचे नाव हा या भूमीवरील आपल्या हक्काचा प्रश्न होता. दोन-तीन अक्षरांच्या फरकात 'हा देश आमचाही आहे' आणि 'तुम्ही येथील एक गट आहात' या दोन भूमिका सामावलेल्या होत्या.

समारोप

मार्च २०१७ मध्ये सारायेव्हो येथे 'सामाईक भाषेविषयीचा जाहीरनामा' सादर झाला. बोस्निया, क्रोएशिया, मॉन्टेनेग्रो आणि सर्बिया येथे अनेक केंद्रे असलेली एकच प्रमाणभाषा वापरली जाते, असे त्यात म्हटले आहे. त्याच वेळी आपल्या रूपाला हवे ते नाव देण्याचा प्रत्येकाचा अधिकारही मान्य केला आहे. मात्र त्या सामाईक भाषेला या जाहीरनाम्याने नाव दिलेले नाही. १८५० च्या करारातील रिकामी जागा १६७ वर्षांनंतरही रिकामीच राहिली.

यावरून असे म्हणता येईल की, भाषा एक की अनेक हा प्रश्न भाषाविज्ञान बऱ्याच अंशी सोडवू शकते. तिचे नाव काय असावे, हा प्रश्न मात्र त्याच्या कक्षेबाहेरचा आहे. भाषेचे नाव तिच्या रचनेचे वर्णन करीत नाही, तर ती कोणाची आहे हे सांगते. म्हणूनच एकच भाषा अनेक नावांनी शांततेने नांदू शकते. संघर्ष उद्भवतो तो एका समाजाच्या भाषेचे नाव दुसऱ्याने ठरविले तेव्हा. भाषिक धोरणाचा विचार करताना 'योग्य नाव कोणते' या प्रश्नाइतकाच 'नाव देण्याचा अधिकार कोणाचा' हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.