दुबार ओळी काढताना : यादी साफ करा, माणूस गाळू नका

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली रूपं शक्य तिथं तशीच ठेवली आहेत.)

आपल्या जालना जिल्ह्यात 'दुबार' हा शब्द आधी पेरणीच्या संदर्भात ऐकू येतो. पाऊस दडी मारतो, उगवलेलं करपून जातं, आणि कपाशी-सोयाबीन पुन्हा पेरावं लागतं. ती दुबार पेरणी. पण अलीकडे हा शब्द शेतातून कार्यालयात आलाय. दुबार मतदार, दुबार लाभार्थी, दुबार अनुदान. कुठलीही यादी घ्या, कुणीतरी म्हणतंच, "आधी दुबार काढून टाका."

आणि ते काढणारा माणूस कोण असतो? ग्रामपंचायतीचा ऑपरेटर असतो, आपले सरकार केंद्र चालवणारा पोरगा असतो, बचत गटाची सीआरपी ताई असते, शाळेतले गुरुजी असतात. तो काय करतो? ब्राउझरमध्ये एक पान उघडतो. वर एक चौकोन असतो, त्यात यादी चिकटवतो, बटण दाबतो, खालच्या चौकोनात साफ झालेली यादी मिळते. पाचशे ओळींच्या चारशे सत्तर झाल्या. काम झालं.

झालं का खरंच? आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नावर आहे. त्या तीस ओळी गेल्या, त्या दुबार ओळी होत्या की तीस माणसं होती?

बटण दाबल्यावर आत काय होतं

समजा लग्नात आहेर लिहायला एक माणूस वही घेऊन बसलाय. कुणी आलं की तो वही बघतो, हे नाव आधी लिहिलंय का? लिहिलेलं असेल तर सोडून देतो, नसेल तर लिहून घेतो. साधन अगदी हेच करतं. पहिल्या ओळीपासून सुरुवात करतं, प्रत्येक ओळीला विचारतं, "तू आधी येऊन गेलीस का?" आली असेल तर बाजूला, नसेल तर आत. म्हणून बहुतेक साधनांत पहिली ओळ राहते, नंतरच्या जातात, आणि यादीचा क्रम बिघडत नाही.

मग लाख ओळी असल्या तरी हे सेकंदात कसं होतं? दर वेळी सगळी वही चाळली तर होणार नाही. युक्ती अशी आहे की, ओळीतल्या अक्षरांवरूनच एक आकडा काढायचा आणि तो आकडा म्हणजे वहीचं पान. तेवढंच पान उघडून बघायचं. याला हॅशिंग म्हणतात. आयबीएममधल्या हान्स पीटर लुन यांनी १९५३ मध्ये ही कल्पना मांडली, आणि आज तुमच्या मोबाइलपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत ती सगळीकडे वापरात आहे.

युनिक्स नावाच्या जुन्या प्रणालीत यासाठी 'युनिक' नावाची आज्ञा आहे, पण ती फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी काढते. म्हणून तिथं आधी यादी क्रमवार लावून घेतात. काही ऑनलाइन साधनंही यादी आधी क्रमवार लावतात. तुमच्या यादीचा क्रम महत्त्वाचा असेल, म्हणजे वॉर्डवार किंवा गटवार असेल, तर तो पर्याय बंद आहे ना ते बघून घ्या.

आता मुद्दा. साधन तुलना कशाची करतं? माणसांची नाही, नावांचीही नाही. ते अक्षरांच्या साखळीची तुलना करतं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या मोकळ्या जागेपर्यंत सगळं तंतोतंत सारखं असेल तरच ती ओळ दुबार.

म्हणून बरेच जण म्हणतात, "टूल चालतच नाही, एकही ओळ कमी झाली नाही." बघायला जावं तर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला अनुक्रमांक असतो. १, २, ३. मग प्रत्येक ओळ वेगळीच होणार. आधी अनुक्रमांक काढा, ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा काढा, मग बटण दाबा.

दिसतं एक, लिहिलेलं दुसरं

इंग्रजी यादीत एवढं केलं की बरंचसं भागतं. मराठीत नाही भागत. आपल्या लिपीत एकच दिसणारं अक्षर दोन-तीन प्रकारे टाइप होतं.

'शेतकऱ्यांची यादी' हे शब्द घ्या. त्यातला 'ऱ्य' काही कीबोर्डवर खास 'ऱ' वापरून लिहिला जातो, तर काहींवर साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. कऱ्हाळे आडनावाचा माणूस दोन केंद्रांवर दोन कीबोर्डवरून नोंदवला गेला, तर साधन त्याला दोन माणसं समजतं.

'डॉ.' बघा. काही जण तयार 'ॉ' वापरतात, काही जण आधी काना आणि मग वर चंद्र देतात : 'डाॅ.' दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात. तसंच 'ॲ' आणि 'अॅ'. 'दुःख'मधला विसर्ग कुणी विसर्गच देतं, कुणी अपूर्णविराम. आकडे कुणी मराठी टाकतं, कुणी इंग्रजी. व्हॉट्सॲपवरून किंवा पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात न तुटणारी मोकळी जागा शिरते, ती साध्या मोकळ्या जागेसारखीच दिसते.

यावर 'युनिकोड नॉर्मलायझेशन' नावाचा उपाय आहे आणि चांगल्या साधनांत तो असतो. पण तो सगळं सोडवत नाही. 'र' आणि खाली नुक्ता अशा दोन तुकड्यांत लिहिलेला 'ऱ' तो एक करतो. जोडचिन्हवाला 'ऱ्य' किंवा काना-चंद्रवाला 'डाॅ' तो तसाच सोडतो. तिथं 'शोधा आणि बदला' हेच हत्यार.

आणि एक धोका. काही साधनांत 'अदृश्य अक्षरं काढा' असं बटण असतं. मराठी यादीवर ते लगेच दाबू नका. ते न दिसणारं जोडचिन्ह काढलं की 'शेतकऱ्यांची'चं 'शेतकर्यांची' होतं, आणि कऱ्हाळेंचे कर्हाळे होतात. आधी जुन्या पद्धतीचा 'ऱ्य', 'ऱ्ह' नव्या पद्धतीत बदला, मग अदृश्य अक्षरांकडे वळा.

हे झालं टायपिंगचं. पुढं येतं लेखन. आपल्या आठ तालुक्यांपैकी एकाचं नाव कुणी जाफ्राबाद लिहितं, कुणी जाफराबाद. घनसावंगी आणि घणसावंगी दोन्ही सापडतात. शेजारचा जिल्हा कुठं औरंगाबाद, कुठं छत्रपती संभाजीनगर, कुठं 'छ. संभाजीनगर'. गाव एकच, ओळी तीन. इथं कुठलंही नॉर्मलायझेशन कामाचं नाही. इथं गावांच्या नावांची एक ठरलेली यादी हवी, आणि नावाऐवजी गावाचा जनगणना कोड वापरला तर सगळ्यात बरं.

नाव एक, माणसं दोन

आतापर्यंत जे सांगितलं त्यात साधन दुबार ओळ सोडून देतं. त्यानं फार तर यादी लांबते. खरी भीती उलटी आहे. साधनाला दुबार वाटलं आणि ते दुबार नव्हतं.

आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत आहे. समजा आजोबा विठ्ठल गणपत. त्यांच्या मुलाला त्याच्या आजोबांचं नाव दिलं, तो गणपत विठ्ठल. त्याच्या मुलाला पुन्हा आजोबांचं नाव दिलं, तो विठ्ठल गणपत. आडनाव एक, गाव एक, पूर्ण नाव एक, माणसं दोन. आजोबा वारले असतील पण वारसनोंद झाली नसेल, तर सातबाऱ्यावर त्यांचं नाव अजून असतंच. आता 'नाव, गाव' एवढ्याच यादीवर दुबार काढलं तर एक विठ्ठल गणपत जाणार. त्यात जिवंत नातू गेला तर त्याच्या अनुदानाचं काय?

दुसरं असं की एका शेतकऱ्याची जमीन दोन-तीन गटांत असते. गटवार यादीत त्याचं नाव तीनदा येणारच. ते दुबार नाही. त्यातल्या दोन ओळी काढल्या की त्याचं दोन गटांचं क्षेत्र गेलं.

आणि याच्या उलट, बाईचं माहेरचं नाव आणि सासरचं नाव. बाई एकच, ओळी दोन, आणि दोन्हीत एक अक्षरही सारखं नाही. हे कुठलंच बटण पकडणार नाही.

नावावर नाव जुळवायचा प्रश्न काही आपल्याच वाट्याला आलेला नाही. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये उच्चारावरून आडनावं जुळवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. त्याच देशात २००० च्या निवडणुकीआधी फ्लोरिडा राज्यात शिक्षा झालेल्या लोकांची नावं मतदार यादीशी ढोबळपणे जुळवली गेली, आणि ज्यांचा काही संबंध नव्हता अशी माणसंही त्या यादीत सापडली. तिथला अध्यक्षपदाचा निकाल लागला ५३७ मतांनी.

खूण करा, काढू नका

मग काय करायचं? आपल्या राज्यातलंच उदाहरण घेऊ. २०२५ च्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांच्या वेळी दुबार मतदारांवरून मोठा वाद झाला. राज्य निवडणूक आयोगानं काय केलं? ज्यांची नावं दुबार असण्याची शक्यता आहे त्यांच्या नावापुढं दोन तारे छापले. नाव खोडलं नाही. त्या मतदाराला विचारायचं, तू नक्की कुठं मतदान करणार, आणि तसं लिहून घ्यायचं. ती अंमलबजावणी सगळीकडे कशी झाली यावर मतं वेगळी असू शकतात, पण तत्त्व आपल्या कामाचं आहे. संगणकानं शंका दाखवायची, निर्णय विचारपूस करून माणसानं घ्यायचा.

दुसरं उदाहरण घरचंच, आणि दुखरं. २०२५ मध्ये अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या अतिवृष्टी अनुदानाच्या वाटपाची चौकशी झाली. कोट्यवधींचा गैरव्यवहार समोर आला, महसूल कर्मचारी निलंबित झाले. दुबार अनुदान हा त्यातल्या प्रकारांपैकी एक. आता विचार करा, असली दुबार ओळ ब्राउझरमधल्या बटणानं सापडली असती का? जिथं मुद्दाम केलंय तिथं ओळ तंतोतंत सारखी कोण ठेवेल? एक अक्षर बदललं की झालं. ती सापडते ती ओळख क्रमांकावरून आणि बँक खात्यावरून. म्हणजे बेसावध साधन चोराला सोडतं आणि विठ्ठल गणपतला पकडतं.

म्हणून तुलना पूर्ण ओळीची किंवा नावाची नको, ओळख क्रमांकाची करा. शेतीच्या योजनांना १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झालाय. गटवार यादी असेल तर ओळख क्रमांक आणि गट क्रमांक मिळून एक ओळख धरा.

खाते क्रमांकावर जुळवताना एक्सेलमध्ये एक सापळा आहे. एक्सेल आकड्यातले पहिले पंधराच अंक धरून ठेवतं, पुढच्यांचे शून्य करतं. काही बँकांचे खाते क्रमांक सोळा आकडी असतात. शेवटच्या अंकानं वेगळी असलेली दोन खाती तिथं एक दिसतात. सुरुवातीचे शून्यही गायब होतात. माहिती भरायच्या आधीच तो रकाना 'टेक्स्ट' करून घ्या. आणि खातं सारखं निघालं तरी नवरा-बायकोचं जोडखातं असू शकतं. तिथंही विचारायचंच.

कामाचा क्रम असा ठेवा. मूळ फाइलला हात लावू नका, प्रत काढा. ओळी मोजून लिहून ठेवा. साफसफाई करा, मग जुळवा. ज्या ओळी बाजूला निघतील त्यांची वेगळी फाइल ठेवा. राहिलेल्या अधिक बाजूला काढलेल्या बरोबर मूळ ओळी, हा हिशोब जुळलाच पाहिजे. बाजूची फाइल तलाठी किंवा ग्रामसेवकांना दाखवा, गावात वाचून दाखवा. गावाला दोन्ही विठ्ठल माहीत असतात.

यादी जाते कुठं

शेवटचं. त्या चौकोनात तुम्ही आधार क्रमांक आणि खाते क्रमांक चिकटवताय. काही पानं सगळं काम तुमच्याच संगणकात करतात, काही तो मजकूर आपल्या सर्व्हरवर पाठवतात. वरून फरक दिसत नाही. एक साधी परीक्षा आहे. पान उघडा, इंटरनेट बंद करा, आणि दोन-चार खोट्या ओळी टाकून बटण दाबा. काम झालं तर ते तुमच्याच संगणकात झालं. नाही झालं तर तिथं यादी टाकू नका. काम झालं तरी इंटरनेट परत सुरू करायच्या आधी ते पान बंद करा. आणि आधारची यादी असेल तर माझं सांगणं स्पष्ट आहे, ऑनलाइन पान नकोच. नोटपॅड प्लस प्लस मोफत आहे, त्यात दुबार ओळी काढायची सोय आहे, आणि ते इंटरनेटशिवाय चालतं. लग्नाच्या पत्रिकांची यादी असेल तर खुशाल ब्राउझर वापरा.

श्रोत्यांचे प्रश्न

*दोन ओळींतली पहिली ठेवावी की शेवटची?*
तंतोतंत सारख्या असतील तर काही फरक पडत नाही. ओळख क्रमांक सारखा आणि बाकी तपशील वेगळा असेल, तर बहुधा कुणीतरी नंतर दुरुस्ती करून पाठवलेली असते. तिथं साधनाला ठरवू देऊ नका, कागद बघा.

*आमच्याकडे जुनी यादी कृतीदेवमध्ये आहे.*
आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. कृतीदेवमधली मराठी संगणकाला इंग्रजी अक्षरंच वाटते, त्यामुळं नव्या यादीशी एकही ओळ जुळणार नाही. बदलल्यावर जोडाक्षरं एकदा नजरेखालून घाला.

*एवढं सगळं करायला वेळ कुठंय? साहेबांना यादी आजच हवी असते.*
खरंय. मग निदान एवढं करा. दुबार वाटलेल्या ओळी काढू नका, शेवटी वेगळ्या लावा आणि वर लिहा, 'तपासणी बाकी'. याला पाच मिनिटं लागतात. यादीतून एकदा गेलेलं नाव परत आणायला त्या माणसाला तालुक्याला किती चकरा माराव्या लागतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.