दोन किलोबाइटचं रणांगण

नव्वदच्या दशकात विरारच्या फुलपाड्यातल्या पोरांच्या सुट्ट्या ज्या 'कॉन्ट्रा'नं खाल्ल्या, तो मूळ 'कॉन्ट्रा' नव्हताच. मूळ खेळ कोनामी या जपानी कंपनीनं फेब्रुवारी १९८७ मध्ये आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून उभ्यानं खेळायच्या यंत्रासाठी, बनवला. वर्षभरानं, फेब्रुवारी १९८८ मध्ये, त्याच कंपनीनं तो निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर उतरवला. या यंत्राला जपानात फॅमिकॉम म्हणत, अमेरिकेत एनईएस. आमच्यापर्यंत आली ती या यंत्राची नक्कल. म्हणजे दोनदा गाळून आलेला खेळ. तरी माझं मत विचाराल तर फॅमिकॉमवरचा 'कॉन्ट्रा' आर्केडच्या 'कॉन्ट्रा'पेक्षा सरस आहे, आणि यंत्र दुबळं होतं म्हणूनच तो सरस झाला.

दुबळं म्हणजे किती? आर्केडच्या 'कॉन्ट्रा'त खेळ चालवायला एक प्रोसेसर आणि आवाजासाठी दुसरा. चित्रं काढायला कोनामीनं स्वतः घडवलेल्या दोन चिप आणि संगीताला यामाहाची आठ सुरांची चिप. फॅमिकॉममध्ये एकच प्रोसेसर, पावणेदोन मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा, आणि रॅम अवघी २ केबी. आजच्या स्वस्तातल्या फोनमध्येही याच्या दहा लाखपट रॅम असते. आवाजाच्या वाटा पाच. अमेरिकन कॅसेटमध्ये आठही स्टेज, सगळी चित्रं आणि संगीत धरून अख्खा खेळ बसवायचा १२८ केबीत. व्हॉट्सअॅपवर सकाळी येणारं फुलांचं एक 'सुप्रभात' एवढ्या जागेत मावलं तरी नशीब.

खरी अडचण वेगळीच होती. पडद्यावर हलणारी प्रत्येक वस्तू हे यंत्र आठ ठिपके रुंदीच्या तुकड्यांनी जोडतं, आणि एका आडव्या रेषेत असे आठच तुकडे दाखवू शकतं. पडद्याची रुंदी २५६ ठिपके. म्हणजे कुठल्याही रेषेत हलणाऱ्या वस्तूंना जेमतेम पाव पडदा. 'कॉन्ट्रा'तला उभा सैनिक साधारण दोन तुकडे रुंद. दोन भाऊ खेळायला बसले आणि त्यांचे सैनिक शेजारी उभे राहिले की चार तुकडे संपले. उरलेल्या चारांत समोरून येणारे शत्रू, त्यांच्या गोळ्या आणि आपल्या गोळ्या. त्यात 'एस'ची गन मिळाली की एका दाबात पाच गोळ्या पंख्यासारख्या सुटणार. नववा तुकडा यंत्र सरळ गाळून टाकतं. मग गोळी असते, पण दिसत नाही, आणि न दिसलेल्या गोळीनं मेलेला पोरगा रिमोट आपटतो.

कोनामीच्या लोकांनी यावर उपाय केला तो असा: तुकड्यांचा क्रम दर चित्राला बदलायचा, म्हणजे प्रत्येक वेळी गळणारा तुकडा वेगळा. गर्दी झाली की सगळंच लुकलुकतं, पण कायमचं नाहीसं काहीच होत नाही. आम्हाला ते लुकलुकणं टीव्हीचा दोष वाटायचं. टीव्हीच्या पाठीवर दोन थापा मारल्या की ते थांबायचंही, कारण तेवढ्यात शत्रू पुढे निघून गेलेले असत.

रंगांचंही तेच. हलणाऱ्या सगळ्या वस्तूंना मिळून रंगांचे चार संच, प्रत्येक संचात तीन रंग. बिल रायझर आणि लान्स बीन हे दोन्ही वीर म्हणून उघड्या अंगानं लढतात. एकाची पँट निळी, दुसऱ्याची लाल, बाकी फरक नाही. यात गरिबी दिसते, पण फायदा बघा: आपण कोण, भाऊ कोण, हे कोपऱ्यातल्या नजरेलाही कळतं.

आर्केडचा पडदा उभा होता आणि घरचा टीव्ही आडवा, त्यामुळे स्टेज जशाच्या तशा उचलता येईनात. मग त्या नव्यानं आखल्या. आर्केडवर शत्रूच्या दुसऱ्या तळाच्या स्टेजनंतरचं बर्फ, कारखाना, हँगर आणि राक्षसाचं पोट हे सगळं एका दमात, झटपट उरकतं; तिथे नाणं खाणं हाच धंदा. घरच्या खेळाला नाणं नाही. म्हणून त्या चार भागांच्या चार स्वतंत्र, लांब स्टेज झाल्या आणि प्रत्येकीला आपापला शेवटचा राक्षस मिळाला. तीन लाइफ, तीन कंटिन्यू, बस. हात बसला की अख्खा खेळ अर्ध्या तासाच्या आत संपतो, पण हात बसायला उन्हाळ्याची सुट्टी जाते. हे गणित इतकं नेमकं जमलंय की आजच्या शंभर तासांच्या खेळांनी पुन्हा शिकावं.

यंत्राची ताकद सगळं ठरवत नाही, याचा पुरावाही कोनामीनंच दिला. १९८९ मध्ये तोच खेळ एमएसएक्स-२ या संगणकावर काढला. त्यात पडदा पुढे सरकतच नाही. कडेला पोचलं की पान उलटल्यासारखा नवा पडदा येतो. धावत गोळ्या मारायच्या खेळात धावच काढून घेतली तर उरणार काय? उतरवणाऱ्याची खरी परीक्षा इथे होते. काय ठेवायचं हे आधी ठरवायचं, काय सोडायचं ते आपोआप ठरतं.

एक खटकणारी गोष्टही सांगतो. जपानी कॅसेटमध्ये कोनामीनं स्वतःची एक जास्तीची चिप घातली होती. तिच्यामुळे जंगलातली झाडं डोलतात आणि स्टेजच्या मधे नकाशा येतो. अमेरिकन कॅसेटमध्ये ती चिप नाही, म्हणून झाडं ढिम्म. माझ्या कॅसेटमधलीही ढिम्मच होती.

आता दुसरी गाळणी. आपल्याकडे समुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी हे यंत्र घरोघरी गेलं. सगळे त्याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणत. फुलपाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यात. मुंबईतली दहा बाय दहाची खोली सोडून आलेली कुटुंबं जीवदानीच्या डोंगराखाली, पापडखिंडीच्या धरणाच्या अलीकडे वस्ती करत होती. ज्याच्या घरी व्हिडिओ गेम त्याच्या घरी चपलांचा ढीग. टीव्हीची अँटेनाची वायर काढून गेमची वायर लावायची, मुंग्यांतून चॅनल शोधायचा, कॅसेटच्या साठ पिनांवर फुंकर मारायची. फुंकरीनं काही होत नसे. उलट तोंडातल्या दमटपणानं पिना गंजत. काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. पण हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्यालाच वेड्यात काढलं असतं.

कॅसेटवर '९९९९९९ इन १' छापलेलं. आत खेळ पाच-सातच, तेच फिरून फिरून. एका नंबरवर कॉन्ट्रा पहिल्या स्टेजपासून, दुसऱ्यावर थेट पाचव्यापासून, तिसऱ्यावर तीस लाइफसकट. मूळ खेळात तीस लाइफ मिळवायला वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए हा मंत्र लागे. तो कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ मध्ये 'ग्रॅडियस' हा दुसरा आर्केड खेळ फॅमिकॉमवर उतरवताना केला. तपासणीसाठी तो खेळ त्यांचा त्यांनाच संपवता येईना, म्हणून. हाशिमोतो फेब्रुवारी २०२० मध्ये गेले.

नकलेनं खेळाचा वेगही बदलला. जपान-अमेरिकेत टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवत, आपल्याकडे पन्नास. खेळाचं घड्याळ चित्रांवर चालतं, त्यामुळे आमचा कॉन्ट्रा मुळापेक्षा एक षष्ठांश संथ होता. संगीताची पट्टी जवळपास तीच, लय मात्र रेंगाळलेली. त्यात नकली रिमोटवर टर्बोची दोन जास्तीची बटणं. दाबून धरलं की गोळ्यांचा पाऊस. संथ शत्रू आणि न थांबणारी बंदूक! आम्ही स्वतःला जेवढे शूर समजत होतो तेवढे नव्हतो, एवढाच याचा अर्थ. खेळ साठवायची सोय नव्हती. सातव्या स्टेजला लाइट गेली की लाइट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून, आणि तेव्हा विरारमध्ये लाइट जायला निमित्त लागत नसे.

धबधब्याच्या स्टेजला भावाभावांत मारामाऱ्या व्हायच्या. वर चढणारा पुढे गेला की पडदा त्याच्यासोबत वर सरकतो, आणि खालचा पडद्याबाहेर राहून मरतो. "ए, थांब ना, वर नको जाऊस!" हे वाक्य ज्या घरात ऐकू आलं नाही त्या घरात कॉन्ट्रा नव्हता.

हा खेळ युद्ध म्हणून पाहिला तर काय? १९७९ मध्ये निकाराग्वात सँडिनिस्टा हे डावे क्रांतिकारक सत्तेवर आले. त्यांच्याविरुद्ध अमेरिकेनं पोसलेले बंडखोर म्हणजे कॉन्ट्रा. इराणला विकलेल्या शस्त्रांचा पैसा त्यांच्याकडे वळवल्याचं प्रकरण नोव्हेंबर १९८६ मध्ये फुटलं आणि तीन महिन्यांत हा खेळ आला. आर्केडच्या शेवटच्या संगीताचं नावच 'सँडिनिस्टा' आहे. खऱ्या माणसांच्या रक्तावरून उचललेलं नाव कंपनीनं परग्रहावरच्या राक्षसांच्या खेळाला चिकटवलं, आणि आमच्या कॅसेटसोबत तर माहितीपुस्तिकाही नव्हती. कोण कुणाशी का लढतंय, हे न विचारता आम्ही उजवीकडे धावत राहिलो. ही गाळणी मला आजही पटत नाही.

उतरवण्याचा हाच उद्योग आता फोनवर चालतो. पब्जी हा खेळ २०१७ मध्ये संगणकावर आला, २०१८ मध्ये मोबाइलवर. कमी ताकदीच्या फोनसाठी 'लाइट' काढला तेव्हा शंभरांचे साठ खेळाडू केले, नकाशा लहान केला. २ सप्टेंबर २०२० ला मोबाइलवरच्या दोन्हींवर भारतात बंदी आली आणि पुढच्या जुलैत त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला. चर्चगेटहून सुटलेल्या विरार फास्टमध्ये चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला मुलगा तोच खेळत असतो. लाइटची छाटणी मला निर्जीव वाटते. त्यात खेळ कमी केलाय, नव्यानं आखलेला नाही.

स्वतः पडताळून पाहायचं असेल तर कोनामीनं २०१९ मध्ये काढलेलं 'कॉन्ट्रा अॅनिव्हर्सरी कलेक्शन' घ्या. आर्केडचा, अमेरिकन घरगुती आणि डोलणाऱ्या झाडांचा जपानी, तिन्ही त्यात आहेत. आधी आर्केडचा खेळा, मग घरचा, आणि मंत्र वापरू नका. नव्वदच्या दशकातल्या हातांना तो आठवणीतल्यापेक्षा वीस टक्के वेगवान वाटेल. त्याचा खरा वेग तोच आहे.