बुटका पूल आणि उंच हनुमान

रामनवमीला नागपूरच्या पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा निघाली, की आम्ही धंतोलीकर आनंद टॉकीजकडे चालू लागतो. पन्नासहून जास्त वर्षं ही यात्रा निघते आहे. एकामागून एक चित्ररथ येतात. पण सीताबर्डीत शिरण्याआधी त्यांना लोखंडी पूल पार करावा लागतो. वरून रेल्वे, खालून रस्ता!

माझी भाची पहिलीत असताना तिनं विचारलं, “मावशी, एवढा उंच हनुमान पुलाखालून कसा आला? वाकला का गं?”

काय सुंदर प्रश्न! चित्ररथाचं सगळं विज्ञान त्यात दडलंय.

चित्ररथ करायला घेतलेले कॉलेजचे ताई-दादा आधी ब्रश उचलत नाहीत, टेप उचलतात. ट्रॉली जमिनीपासून किती उंच? पुलाखाली जागा किती? वाटेत विजेच्या तारा कुठे? मगच कागदावर चित्र उतरतं.

मग येतो सांगाडा. तीन काड्यांचा त्रिकोण बांधा आणि चार काड्यांचा चौकोन. दोन्ही कोपऱ्यांत दाबून पाहा. चौकोन लगेच तिरका होतो, त्रिकोण हटत नाही! म्हणून सांगाड्यात जागोजागी तिरप्या काठ्या बांधतात. गालाची, पोटाची गोलाई आणायला बांबूच्या कामट्या वाकवतात. बांबू मला फार आवडतो. आतून पोकळ म्हणून हलका, आणि मध्ये मध्ये पेरं असल्यामुळे दबून चपटा होत नाही. त्यावर मैद्याच्या खळीत भिजवलेले कागद, थरावर थर. मैदा पाण्यात शिजला की त्यातला स्टार्च फुगतो आणि चिकट होतो. वाळला की कागदाचे तंतू एकमेकांना घट्ट धरून ठेवतो. वर्तमानपत्राचा लगदा हनुमानाची छाती होतो, बघा!

आपल्या नागपुरात ही कला फार जुनी आहे. तान्ह्या पोळ्याला निघणारी पिवळी मारबत, म्हणजे भला मोठा पुतळा, 1885 पासूनची. तिच्यासोबतचे बडगे नावाचे पुतळेही असेच, बांबू-कागदाचे.

आता चित्ररथ वळणावर आला. ट्रॉली वळते, पण हनुमानाच्या अंगाला सरळच जायचं असतं. त्यामुळे तो बाहेरच्या बाजूला कलतो. मग पडत का नाही? कारण जड गोष्टी खाली ठेवलेल्या असतात. दिवे पेटवणारा जनरेटर खाली, लोखंड खाली, वर फक्त कामट्या आणि कागद. वजन खाली असलं की गुरुत्वमध्यही खाली राहतो. घरी करून पाहा: रिकाम्या बाटलीत चार बोटं वाळू भरा आणि हळूच ढकला. ती डोलेल, पण पुन्हा उभी राहील. तीच बाटली उलटी, तोंडावर उभी केलीत तर? वाळू भरल्यावर झाकण मात्र घट्ट लावा, नाहीतर आईची बोलणी खाल!

चित्ररथ सजवणारे विद्यार्थी जगभर आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना गावी नववर्षाला रोझ परेड निघते, 1890 पासून. तिथला नियम ऐका: रथाचा दिसणारा प्रत्येक भाग फुलं, पानं, बिया, साली अशा नैसर्गिक वस्तूंनीच झाकायचा. काळा रंग हवा? काळ्या बिया चिकटवा. नाजूक फुलांचे देठ पाण्याच्या इवल्याशा नळ्यांत खोचतात, म्हणजे ती सुकत नाहीत. कॅल पॉली नावाच्या दोन विद्यापीठांचे विद्यार्थी 1949 पासून तिथे स्वतः रथ बांधतात. ही दोन विद्यापीठं एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर. अर्धा रथ इकडे बनतो, अर्धा तिकडे, आणि मग दोन्ही जोडतात! एक खिळा चुकीच्या जागी गेला तर काय होईल, याचा विचार करूनच माझ्या पोटात गोळा येतो.

आणि गंमत म्हणजे, त्यांच्या वाटेतही एक पूल आहे. वर महामार्ग, खालून परेड. मग पुलाजवळ येताच उंच रथांचे वरचे भाग यंत्रानं खाली येतात. कुणाची मान झुकते, कुणाचे पंख मिटतात. पूल सरला की पुन्हा ताठ!

भाची आता चौथीत आहे. परवा तिला हे सांगितलं, तर ती डोळे मोठे करून म्हणाली, “म्हणजे वाकतात! मी म्हटलंच होतं.”